इंजिन काढून टाकणारा इंजिनिअर

मेसमध्ये बुलेट ट्रेनचा विषय निघाला की हमखास दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, हवीच. दुसरी म्हणते, आधी लोकलला डबे वाढवा. गंमत म्हणजे पर्यावरणाचं नाव दोन्ही पार्ट्या घेतात. पहिली म्हणते विमानापेक्षा ही गाडी बरी, दुसरी म्हणते झाडं किती तोडली ते आधी सांगा. या सगळ्या गदारोळात एका माणसाचं नाव मात्र कुणीच घेत नाही. ज्याच्या एका हट्टामुळे ही गाडी कमी विजेवर धावू शकली, तो हिदेओ शिमा. जपानच्या शिन्कान्सेनचे मुख्य अभियंते. आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी एक खास गोष्ट म्हणजे हे गृहस्थ मुळात वाफेच्या इंजिनांचे डिझायनर. अर्धं आयुष्य इंजिनं बनवली आणि मग गाडीचं इंजिनच काढून टाकलं!

शिमांचा जन्म २० मे १९०१ चा, ओसाकाचा. रेल्वे घरातच होती. वडील यासुजिरो शिमा हे जपानी रेल्वेतले बडे अभियंते. जपानने रेल्वे सुरू केली ती १०६७ मिलिमीटरच्या अरुंद गेजवर. डोंगराळ देश, पैसा कमी, मग रूळ जवळजवळ टाकले. यासुजिरो आयुष्यभर सांगत राहिले की हे चुकलंय, १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर जायला हवं. १९१७ मध्ये त्यांनी योकोहामा मार्गावर गेजबदलाचे प्रयोगसुद्धा करून दाखवले. पण सरकार बदललं. राजकारण्यांना आहे तो रूळ रुंद करण्यापेक्षा आपापल्या मतदारसंघात नवा रूळ नेण्यात जास्त रस होता (ओळखीचं वाटतंय ना?). योजना बारगळली आणि वडिलांनी राजीनामा दिला. पोरगा तेव्हा अठरा वर्षांचा.

१९२५ मध्ये हिदेओ शिमा तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून बाहेर पडले आणि थेट रेल्वे खात्यात लागले. त्याच वर्षी, ३ फेब्रुवारीला, इकडे मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही, पण ती मुंबईची गाडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शिमांच्या वाट्याला आली वाफेची इंजिनं. सी-५३, मग १९३६ पासूनचं डी-५१. हे डी-५१ म्हणजे जपानी माणसाच्या मनातलं आगगाडीचं चित्रच. एकूण १,११५ बनली, दुसऱ्या कुठल्याच प्रकारची इतकी बनली नाहीत. इंजिन दणकट, पण वाफेच्या इंजिनाची कार्यक्षमता आपण थर्मोमध्ये शिकतो तेवढीच. शंभर किलो कोळशातली दहा किलोचीसुद्धा ऊर्जा चाकापर्यंत पोचत नाही. उरलेली धुराड्यातून वर. बोगद्यात तो धूर इंजिनवाल्यांच्या नाकातोंडात. शिमांना हे कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती, त्यांचं रोजचं कामच ते होतं.

१९३६-३७ मध्ये ते सरकारी दौऱ्यावर जगभर फिरले. युरोपात त्यांनी विजेच्या अशा गाड्या पाहिल्या ज्यांना पुढे इंजिन नव्हतं. मोटरी डब्यांखालीच. त्यांच्या डोक्यात तिथे काहीतरी अडकलं ते कायमचं.

आता इथे थोडं थांबून ही भानगड समजून घेऊ, कारण पुढचा सगळा मामला हिच्यावरच उभा आहे. इंजिन गाडी कशी ओढतं? चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणाच्या जोरावर. ते घर्षण चाकावरच्या वजनाच्या प्रमाणात असतं. म्हणजे जास्त ओढायचं तर इंजिन जड हवं, नाहीतर चाक जागच्या जागी फिरतं. जड इंजिन आलं की प्रत्येक आसावरचा भार वाढला. भार वाढला की रूळ, खडी, पूल, सगळंच भक्कम हवं. आणि वेगात ते जड धूड रुळाला अक्षरशः ठोकत जातं. याउलट मोटरी सगळ्या डब्यांत वाटून दिल्या तर? प्रवाशांचं आणि डब्याचं वजनच घर्षणाच्या कामी येतं. वेगळं ओझं वाहून न्यायला नको. शिवाय प्रत्येक मोटर ब्रेक म्हणूनही वापरता येते. जपानची सपाट जमीन बरीचशी नदीच्या गाळाची, भुसभुशीत. तिथे हलका आसभार ही चैन नव्हती, गरज होती. आपली मुंबईची लोकल नेमकी याच तत्त्वावर चालते, १९२५ पासून. तिला कधी इंजिन लावलेलं पाहिलंय का? तेव्हा जगभरच्या शहाण्या मंडळींचं मत असं होतं की हे असलं लोकललाच ठीक. लांबच्या प्रवासाला इंजिनच हवं. डब्याखाली मोटर म्हणजे खडखडाट आणि हादरे, चार तास कोण बसेल?

शिमांना हे मत पटत नव्हतं. पण मध्ये युद्ध आलं. १९४० मध्ये जपानी संसदेने तोक्यो ते शिमोनोसेकी अशा नव्या स्टँडर्ड गेज मार्गाला मंजुरी दिली. लोक तिला बंदुकीच्या गोळीची गाडी म्हणू लागले. बुलेट ट्रेन हे नाव तिथलं. या योजनेच्या समितीचे प्रमुख होते म्हातारे यासुजिरो शिमा. जमिनी घेतल्या, बोगदे खणायला सुरुवात झाली आणि युद्धाने सगळं थांबवलं. यासुजिरो १९४६ मध्ये गेले. ही योजना पूर्ण झालेली त्यांनी काही पाहिली नाही.

युद्धानंतर जपानमध्ये विमानं बनवायला बंदी आली. विमानांचे एकाहून एक इंजिनिअर बेकार झाले. त्यातले बरेच रेल्वेच्या संशोधन संस्थेत आले. १९४६ च्या अखेरीस शिमांनी रेल्वेवाले आणि हे विमानवाले यांना एकत्र बसवून एक अभ्यासगट काढला. विषय एकच, वेगात बोगी का थरथरते? यात तादाशी मात्सुदायरा होते. झीरो लढाऊ विमानाचे पंख थरथरून मोडत, त्याचं गणित त्यांनी सोडवलं होतं. व्हायब्रेशन्सच्या पेपरला आपण ज्याला नावं ठेवतो तोच हा विषय. रेल्वेवाल्यांचा समज होता की रूळ वाकडा म्हणून गाडी हलते. मात्सुदायरांनी दाखवलं की रूळ सरळ असला तरी ठराविक वेगानंतर बोगी स्वतःच्या स्वभावानेच डावी-उजवी डोलू लागते, आणि स्प्रिंग व डॅम्पर नीट निवडले तर ते थांबवता येतं. खडखडाटाचा आक्षेप इथे निकाली निघायला लागला. १९५० मध्ये तोक्यो ते नुमाझू अशी लांब पल्ल्याची विनाइंजिनाची गाडी सुरू झाली. शिमांचा हट्ट रुळावर आला.

आणि पुढच्याच वर्षी घात झाला. २४ एप्रिल १९५१ रोजी योकोहामाच्या साकुरागिचो स्टेशनात शिरताना गाडीला तुटलेली ओव्हरहेड वायर लागली आणि डबा पेटला. डबे युद्धकाळातल्या मोहा-६३ जातीचे, टंचाईत कसेबसे बनवलेले. आत लाकूड आणि रंग, खिडक्यांची मधली काच न उघडणारी, दारं आतून उघडेनात. १०६ माणसं गेली. वायर तोडली दुरुस्तीवाल्यांनी, डबे घडवले युद्धाने. पण डब्यांच्या खात्याचे प्रमुख शिमा होते. त्यांनी त्याच वर्षी रेल्वे सोडली आणि खासगी धातू कंपनीत गेले. वयाच्या पन्नाशीत, रेल्वेच्या बाहेर. मला या माणसाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे.

चार वर्षांनी, १९५५ मध्ये, शिन्जी सोगो हे ७१ वर्षांचे गृहस्थ जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झाले. कुणालाच नको असलेली खुर्ची होती ती. अपघातांची मालिका, तोटा, संप. सोगोंच्या डोक्यात मात्र तोक्यो-ओसाका नवा रुंद मार्ग होता. त्यांनी शिमांना बोलावलं. शिमांनी आधी नकार दिला. मग म्हाताऱ्याने वडिलांचं अपुरं राहिलेलं काम समोर ठेवलं. डिसेंबर १९५५ मध्ये शिमा मुख्य अभियंता म्हणून परतले.

त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्सने विजेच्या इंजिनाने ताशी ३३१ किलोमीटरचा विक्रम केला होता. जगाने टाळ्या वाजवल्या. पण गाडी गेल्यावर रुळाची काय दशा झाली त्याचा फोटो पाहाल तर वळवळत्या सापासारखा दिसतो. वेग गाठता येतो, रोज गाठता येत नाही, असा त्याचा अर्थ. शिमांच्या मंडळींनी रोजचा वेग शोधला. मात्सुदायरांनी बोगी पाहिली. गिंगा बॉम्बर बनवणाऱ्या तादानाओ मिकींनी हवेला कापणारा आकार पाहिला. हाजिमे कावानाबेंनी सिग्नल थेट ड्रायव्हरच्या केबिनमध्ये आणला, कारण २०० च्या वेगात खांबावरचा दिवा दिसेपर्यंत तो मागे गेलेला असतो. १९५७ मध्ये संशोधन संस्थेने जाहीर केलं, तोक्यो ते ओसाका तीन तासांत जाता येईल.

पैशांची कथा निराळीच. सोगोंनी संसदेपुढे मुद्दाम कमी आकडा ठेवला, साधारण १९७ अब्ज येन. शेवटी खर्च झाला ३८० अब्जांच्या घरात. जागतिक बँकेने १९६१ मध्ये ८ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. बँक प्रयोगांना पैसे देत नसे. शिमांनी पटवलं की यात प्रयोग असा काहीच नाही, प्रत्येक भाग कुठे ना कुठे सिद्ध झालेला आहे, आपण फक्त ते एकत्र बसवतोय. आणि ते खरंच होतं. खर्च फुगल्याचं उघड झाल्यावर १९६३ मध्ये सोगोंना मुदतवाढ मिळाली नाही. शिमांना थांबता आलं असतं, ते सोगोंबरोबर बाहेर पडले. १ ऑक्टोबर १९६४ ला तोक्यो स्टेशनातून पहिली गाडी सुटली, त्या समारंभात दोघांपैकी कुणीही नव्हतं. शिमांनी आपली गाडी घरी टीव्हीवर पाहिली.

गाडी कशी होती? बारा डबे, बाराही डब्यांखाली मोटरी, प्रत्येक डब्याला १८५ किलोवॅटच्या चार. आसभार १६ टन. ताशी २१० किलोमीटर. ५१५ किलोमीटरचा मार्ग सुरुवातीला चार तासांत, वर्षभरात तीन तास दहा मिनिटांत.

आता मेसमधल्या वादाकडे येऊ. पर्यावरण हा शब्द १९६४ मध्ये शिमांच्या कामात कुठेच नव्हता. त्यांना रूळ वाचवायचा होता. पण हलकेपणाचा फायदा विजेच्या बिलात आपोआप उतरतो. साधं गणित करू. सोळा डब्यांची ७०० टनांची गाडी ताशी २७० वर, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. अर्धा एमव्ही वर्ग काढा, जवळपास १९७ कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे ५४७ युनिट. रेक्टरांची नजर चुकवून लावलेला एक किलोवॅटचा रॉड सलग २२-२३ दिवस चालेल एवढी वीज, एकदा वेग घ्यायला. ऐकून छाती दडपते. पण गाडीत १,३२३ सीट आहेत. भागाकार केला की सीटमागे ०.४१ युनिट. तोच रॉड पंचवीस मिनिटं. वर हवेशी झुंजायला लागणारी वीज वेगळी, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणूनच नाकाच्या आकारावर एवढी मेहनत.

पहिल्या गाड्या ब्रेक लावताना ती ५०० युनिटच्या आसपासची ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळून टाकत. तेव्हाच्या डीसी मोटरी आणि उपकरणांना ती तारेत परत पाठवणं जमत नव्हतं. १९९२ मध्ये ३०० मालिकेची गाडी आली. तिच्यात एसी मोटरी, आणि ब्रेक लावला की वीज परत तारेत. सोळा डब्यांचं वजन ९७० टनांवरून ७१० टनांवर. पुढच्या एन-७०० ला ताशी २२० वर पहिल्या गाडीच्या निम्मीच वीज लागते. कंपनीच्या स्वतःच्या हिशोबाप्रमाणे तोक्यो-ओसाका प्रवासात सीटमागे ऊर्जा विमानाच्या एक अष्टमांश आणि कार्बन डायऑक्साइड एक द्वादशांश. कंपनीचा हिशोब आहे, चिमूटभर मीठ घालून घ्या, पण दिशा बरोबर आहे. आणि हे सगळं शक्य झालं कारण मोटरी आधीच सगळ्या गाडीभर पसरलेल्या होत्या. फ्रान्सचं पाहा. त्यांची पहिली प्रायोगिक टीजीव्ही १९७२ मध्ये गॅस टर्बाइनवर, म्हणजे तेलावर धावत होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर विजेवर आले. जर्मनांनी २००० मध्ये आयसीई-३ ला इंजिन ठेवलं नाही, मोटरी डब्यांखाली नेल्या.

पण शिमांच्या गाडीची एक बाजू शिमांच्या टीमने पाहिलीच नव्हती. आवाज. नागोयात मार्ग घरांना खेटून जातो. लोखंडी पुलांवर खडी नव्हती, गाडी गेली की पूल ढोलासारखा वाजे. प्रत्येक दोन डब्यांमागे एक पँटोग्राफ, त्याच्या ठिणग्या आणि शिट्टी वेगळी. म्हणजे मोटरी वाटण्याच्या युक्तीनेच हा एक त्रास वाढवला होता. दिवसभर दर काही मिनिटांनी हे. मार्च १९७४ मध्ये सात किलोमीटरच्या पट्ट्यातले ५७५ रहिवासी कोर्टात गेले. १९७५ मध्ये सरकारने आवाजाची मर्यादा ठरवली, वस्तीत ७० डेसिबल, बाजारपेठेत ७५. १९८० मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये कोर्टांनी भरपाई दिली, पण गाडीचा वेग कमी करायला नकार दिला. १९८६ मध्ये समझोता झाला. आज सोळा डब्यांना दोनच पँटोग्राफ असतात, रुळाकडेला भिंती असतात. १९९७ च्या ५०० मालिकेचं १५ मीटरचं नाक खंड्या पक्ष्याच्या चोचीवरून घेतलं, कारण बोगद्यातून बाहेर पडताना स्फोटासारखा आवाज व्हायचा. पेपरात आपण याला बायोमिमिक्री म्हणून दोन मार्क मिळवतो. त्या दोन मार्कांमागे नागोयाच्या ५७५ माणसांची बारा वर्षं आहेत.

दुसरं म्हणजे वीज येते कुठून. मार्च २०११ नंतर जपानच्या अणुभट्ट्या बंद पडत गेल्या, कोळसा आणि गॅस वाढला. गाडी तीच, मोटर तीच, धूर मात्र वाढला. आणि तिसरं काँक्रीट. खांब, पूल, बोगदे बांधताना जो कार्बन हवेत गेला तो भरून काढायला गाडी भरलेली लागते. तोक्यो-ओसाका मार्गावर दिवसाला चार लाखांहून जास्त माणसं जातात, तिथे तो हिशोब जमतो. रिकामी गाडीसुद्धा तेवढेच ५४७ युनिट खाते हे विसरायचं नाही.

आपल्याकडे मुंबई-अहमदाबादचा ५०८ किलोमीटरचा मार्ग शिन्कान्सेनच्याच तंत्रावर बांधला जातोय. ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटर बोगदा जातो, वर फ्लेमिंगो अभयारण्य आहे म्हणून. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मार्गासाठी सुमारे २२ हजार खारफुटीची झाडं तोडायला परवानगी दिली. माझं मत विचाराल तर गाडी हिरवी आहे की नाही हा प्रश्नच अर्धवट आहे. किती सीट भरतील आणि तारेत वीज कुठली येईल, हे विचारा. बोगी आणि मोटर यांचं उत्तर शिमांनी साठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय.

रेल्वे सुटल्यावर शिमा घरी बसले नाहीत. १९६९ मध्ये ब्रिटनच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने त्यांना जेम्स वॅट पदक दिलं. वाफेच्या जेम्स वॅटचं पदक, इंजिन काढणाऱ्याला! त्याच वर्षी ते जपानच्या नव्या अंतराळ विकास संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. तिथेही तोच स्वभाव. आधी सिद्ध झालेलं तंत्र अमेरिकेकडून घ्या, मग आपलं बनवा. लोक नाराज झाले, पण १९७५ मध्ये एन-१ रॉकेटने उपग्रह वर नेला. त्यांच्या काळातल्या उपग्रहांना फुलांची नावं मिळाली, जसं शेवंती. १९७७ मध्ये हवामानाचा उपग्रह गेला, त्याचं नाव हिमावारी, म्हणजे सूर्यफूल. त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

१९९४ मध्ये जपान सरकारने त्यांना संस्कृती सन्मान दिला, रेल्वेच्या माणसाला मिळालेला पहिला. १८ मार्च १९९८ ला ते वारले, वय ९६. त्यांच्या बारा डब्यांच्या गाडीचे वंशज तेव्हा ताशी ३०० ने धावत होते, आणि हिमावारी नावाचे उपग्रह वादळांवर नजर ठेवून होते. आजही आहेत.